एअर फ्रायर घेऊन तर आलात, आता त्यात शिजवायचं काय?

गुढीपाडव्याच्या दिवशी मी कोल्हापुरातल्या राजारामपुरीत मिक्सरच्या भांड्याचं रबर आणायला गेले होते. दुकानात पाडव्याची गर्दी होती, एक मुलगा एअर फ्रायरमधून बटाट्याच्या फोडी काढून सगळ्यांच्या हातावर ठेवत होता. फोड कुरकुरीत होती, किंमत उतरवलेली होती, आणि पाडव्याला काहीतरी नवीन घरात यावं असं मनात होतंच. दहा मिनिटांत मी रबर आणि एअर फ्रायर असं दोन्ही घेऊन बाहेर पडले. घरी आल्यावर सासूबाईंनी, आम्ही त्यांना आत्ती म्हणतो, खोक्याकडे बघून एकच विचारलं, "हे ठेवणार कुठं? माझी परात कुठं जाणार?"

तुमच्याही घरी असंच झालं असेल तर हा लेख तुमच्यासाठी आहे. विचार न करता घेतलेलं यंत्र दोन-चार रविवार वापरलं जातं आणि मग माळ्यावर जातं. त्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं: आपण त्यात पुस्तिकेतले पदार्थ करायला जातो. चिकन नगेट्स, मफिन, पनीर टिक्का. हे आपल्या घरात रोज लागत नाही. मी उलट्या बाजूने सुरुवात केली. आपल्या स्वयंपाकघरात रोज जे भाजलं जातं ते आधी या यंत्रात करून बघायचं. शेंगदाणे, कांदा, खोबरं, वड्या, वांगं. हात बसला की बाकीचं आपोआप जमतं.

खोकं फोडण्याआधी

बिल हातात घ्या आणि माल परत घेण्याची किंवा बदलून देण्याची मुदत किती दिवसांची आहे ते वाचा. ती तारीख कॅलेंडरवर लिहा. वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का आणि खरेदीची तारीख पडली आहे का ते बघा, पाडव्या-दसऱ्याच्या गर्दीत हे राहून जातं. खोकं आणि थर्माकोल मुदत संपेपर्यंत टाकू नका. आणि या मुदतीतच यंत्र रोज चालवा, कारण बिघाड असेल तर तो पहिल्या आठ-दहा वेळांत कळतो. दुकानदार दाद देत नसेल तर 1915 हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे, तिथे मराठीतही बोलता येतं.

जागा आणि प्लग

आधी प्लगकडे बघा. एअर फ्रायर साधारण 1200 ते 1700 वॅटचा असतो. 1500 वॅटचं यंत्र 230 व्होल्टवर साडेसहा अँपिअर वीज ओढतं. म्हणजे ज्यावर आपण मोबाइल किंवा मिक्सर लावतो तो 6 अँपिअरचा छोटा सॉकेट याला पुरत नाही. जाड तीन पिनांचा, 16 अँपिअरचा सॉकेट लागतो, फ्रिजला किंवा गिझरला असतो तसा. मंगळवार पेठेतल्या आमच्यासारख्या जुन्या घरांत ओट्याजवळ असा सॉकेट नसतोच. मग लोक जाड पिनेला बारीक करणारा अडॅप्टर लावतात किंवा एक्स्टेन्शन बोर्ड ओढतात. हे करू नका. वायर गरम होते, सॉकेट पिवळा पडतो, वास येतो. वायरमनला बोलावून जाड वायरीचा एक पॉइंट काढून घ्या. हा खर्च यंत्राच्या किमतीतच धरा.

जागा ओट्यावरच हवी. कपाटात ठेवलं की रोज काढायचा कंटाळा येतो. मागून गरम हवा बाहेर पडते, म्हणून भिंतीपासून चार-पाच इंच अंतर ठेवा, आणि वर लाकडी किंवा सनमायकाचं कपाट अगदी टेकलेलं नको. गॅसच्या शेगडीवर हे यंत्र कधीही ठेवायचं नाही, गॅस बंद असला तरी नाही. चुकून कुणी बर्नर पेटवला तर खालचं प्लास्टिक वितळतं. आमच्याकडे परातीला भिंतीवर खुंटी मारली आणि परातीची जागा यंत्राला मिळाली.

घरात पोपट किंवा लव्हबर्ड असतील तर पिंजरा स्वयंपाकघरातून हलवा. आतल्या नॉन-स्टिक लेपाला फार ताप लागला तर जो धूर निघतो तो माणसाला फारसा जाणवत नाही, पण पाखरांच्या फुप्फुसांना तो जिवावर बेततो. हे दुकानात कुणी सांगत नाही.

आत नेमकं काय होतं

नावात फ्रायर असलं तरी यात काही तळलं जात नाही. हे नाव फिलिप्स कंपनीने 2010 मध्ये आपल्या यंत्राला दिलं आणि पुढे सगळ्याच कंपन्यांच्या यंत्रांना चिकटलं. खरं तर ही एक लहानशी भट्टी आहे. वर तापणारी कॉइल आणि तिच्यावर जोरात फिरणारा पंखा. पन्हाळ्यावरच्या वाऱ्यात ओला रुमाल जसा बघता बघता वाळतो, तसं इथे पदार्थाच्या अंगावरचं पाणी गरम वारा पळवून लावतो. पाणी असेपर्यंत पदार्थाचं अंग 100 अंशांच्या वर जात नाही. पाणी उडालं की ते 140 च्या पुढे जातं, आणि मग तो तांबूस रंग आणि खमंग वास येतो. या क्रियेला मायार क्रिया म्हणतात, लुई कामिय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने ती 1912 मध्ये मांडली. भाकरीवरचे तपकिरी डाग, भाजलेला कांदा, खरपूस शेंगदाणा, सगळीकडे तीच.

यातून तीन गोष्टी निघतात आणि या तीन कळल्या की निम्मं काम झालं.

पदार्थ ओला असेल तर तो आधी वाफवतो, मग भाजतो. म्हणून धुतलेल्या बटाट्याच्या फोडी, मॅरिनेट केलेलं चिकन, सगळं आधी पुसून किंवा निथळून घ्यायचं.

पदार्थ एकावर एक रचले तर वारा मधे शिरत नाही. 4 लिटरच्या यंत्रात 4 लिटर पदार्थ बसतो असं समजू नका. एका थरात मावेल तेवढंच टाकायचं, मग पाच माणसांच्या घरात दोन घाणे काढावे लागतात. हे आधीच माहीत असलं की चिडचिड होत नाही.

कॉइल वर आहे, त्यामुळे वरची बाजू आधी रंगते आणि खालची मऊ राहते. अर्ध्या वेळात उलटायचं किंवा बास्केट हलवायचं. बास्केट बाहेर ओढलं की यंत्र आपोआप थांबतं, परत आत सारलं की चालू होतं. कितीही वेळा उघडून बघा, काही बिघडत नाही. मोठ्या ओव्हनच्या सवयीमुळे बऱ्याच जणी उघडायला घाबरतात, इथे ती भीती नको.

पहिला घाणा रिकामा

बास्केट साबणाच्या पाण्याने धुऊन, वाळवून, रिकामं यंत्र 180 ते 200 अंशांवर 15 मिनिटं चालवा. खिडकी उघडी ठेवा. नव्या प्लास्टिकचा, तेलाचा वास येईल, थोडा धूरही दिसेल. दुसऱ्यांदा चालवल्यावर वास कमी होतो. चार-पाच वेळांनंतरही जळका वास येत असेल तर मुदत संपायच्या आत दुकानात न्या.

शेंगदाण्यांपासून सुरुवात करा

कोल्हापुरात शेंगदाण्याच्या कुटाशिवाय आठवडा जात नाही. भाजीत कूट, आमटीला कूट, खर्ड्यात दाणे. म्हणून शिकायला यासारखा पदार्थ नाही: पाव किलो दाणे बिघडले तरी फार नुकसान नाही, आणि रंग, वास, आवाज तिन्ही त्यात कळतात.

पाव किलो दाणे निवडून बास्केटमध्ये पसरा. तेल नको, पाणी नको. 160 अंश, 12 मिनिटं. दर 4 मिनिटांनी बास्केट ओढून चांगलं हलवा.

पहिल्या 4 मिनिटांत काहीच घडलेलं दिसत नाही, दाणे फक्त कोमट लागतात. आठव्या मिनिटाला वास सुटतो आणि हलवताना खळखळ आवाज बदलतो, आधी तो बोथट असतो, आता कोरडा, टणक येतो. दहाव्या मिनिटापासून लक्ष तिथेच हवं. सालीवर बारीक भेग पडलेली दिसते आणि आतला दाणा फिक्या बिस्किटाच्या रंगाचा असतो. इथेच काढायचे. मी पहिल्या वेळी दाणा तोंडात टाकून बघितला, तो मऊ लागला, म्हणून आणखी 4 मिनिटं लावली, आणि पाव किलो दाणे कडू झाले. गरम दाणा मऊच लागतो. तो गार होताना कुरकुरीत होतो, आणि गार होईपर्यंत आतल्या उष्णतेने भाजतही राहतो. म्हणून मनातल्या रंगाच्या एक पायरी आधी थांबायचं आणि लगेच ताटात पसरायचं. बास्केटमध्ये तसेच ठेवले तर तिथेच करपतात.

साली बास्केटमध्ये चोळू नका. पंख्याच्या वाऱ्याने त्या उडून कॉइलला चिकटतात आणि पुढच्या वेळी जळका वास येतो. दाणे गार झाले की सुपात घ्यायचे, चोळायचे आणि पाखडायचे. आत्ती अंगणात बसून पाखडत होत्या तेव्हा एक दाणा त्यांनी बोटांत धरून फोडला, दोन्ही पाकळ्या निरखल्या आणि म्हणाल्या, "आत-बाहेर एकसारखा भाजलाय की. कढईत बाहेरनं जळतंय, आतनं कच्चं राहतंय." त्या दिवसापासून यंत्र आमच्या घरात टिकलं.

तुमच्या यंत्रात वेळ 2 मिनिटं इकडे-तिकडे होईल. म्हणून एक वही ठेवा. पदार्थ, वजन, अंश, मिनिटं आणि "पुढच्या वेळी काय" एवढंच लिहायचं. महिनाभरात ही वही यंत्राच्या पुस्तिकेपेक्षा उपयोगी होते.

तेल लागतंच

दुकानातल्या त्या मुलाने सांगितलं होतं की तेलाचा थेंबही लागत नाही. मी त्याच्यावर विश्वास ठेवून कोथिंबीर वड्या बिनतेलाच्या लावल्या. बेसन पांढुरकं राहिलं, कडा लाकडासारख्या झाल्या आणि घशाखाली पाण्याशिवाय उतरेनात. पीठ असलेल्या पदार्थाला वरून तेलाचा हात लागतोच. तेल उष्णता अंगाला नीट पोहोचवतं, रंग एकसारखा आणतं आणि चव जिभेवर आणतं.

कोथिंबीर वडी अशी करा. कपिलतीर्थ मंडईतून आणलेली कोथिंबीर धुऊन पूर्ण निथळवा. एक जुडी, दीड वाटी बेसन, दोन चमचे तांदळाचं पीठ, तीळ, हळद, कांदा-लसूण चटणी, मीठ. उंडे नेहमीसारखे चाळणीवर 15 ते 20 मिनिटं वाफवा. ही पायरी यंत्र वाचवत नाही. उंडे पूर्ण गार करा, गरम कापले तर भुगा होतो. अर्ध्या इंचाच्या वड्या कापा, दोन्ही बाजूंना ब्रशने तेल लावा. सगळ्या वड्यांना मिळून 2 चहाचे चमचे पुरतं. 190 अंश, 12 मिनिटं, सातव्या मिनिटाला उलटा. अळूवडीलाही हेच माप, फक्त तिच्या पानांच्या कडा लवकर जळतात म्हणून 180 वर ठेवा.

स्प्रेच्या डब्यातलं तेल या बास्केटला वापरू नका. त्यातल्या लेसिथिनसारख्या घटकांचा चिकट थर नॉन-स्टिकवर बसतो आणि निघत नाही. साधा सिलिकॉनचा ब्रश किंवा बोटं बरी. कुणी विचारलं तर सांगते, तळलेल्या वडीची चव ही नव्हे. ही भाजलेल्या वडीची चव आहे, आणि ती वेगळी म्हणून आवडायला लागते. तेल कमी झालं हे खरं, पण मीठ, बेसन आणि आपलं खाणं तेवढंच राहतं.

बटाट्याच्या फोडी करणार असाल तर त्या अर्धा तास पाण्यात ठेवा, पुसा, तेल लावा आणि 180 च्या वर जाऊ नका. पिठूळ पदार्थ फार भाजला की त्यात अ‍ॅक्रिलामाइड तयार होतं, हे 2002 मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी दाखवलं. सोनेरी रंगावर थांबायचं, तपकिरीवर जायचं नाही.

कांदा-खोबऱ्याचं वाटण

या यंत्राने माझा सगळ्यात जास्त वेळ इथे वाचवला. रस्सा म्हटलं की कांदा-खोबरं भाजणं आलं, आणि उन्हाळ्यात शेगडीसमोर वीस मिनिटं उभं राहणं आलं.

3 मध्यम कांदे उभे, जरा जाडसर चिरा. बारीक चिरले तर कडा काळ्या पडतात. 2 चमचे तेल हाताने चोळून लावा. 160 अंश, 18 मिनिटं, दर 5 मिनिटांनी उलथन्याने खालीवर करा. कांदा आधी घामेजल्यासारखा होतो, मग आक्रसतो, शेवटच्या पाच मिनिटांत रंग धरतो. 

खोबरं कांद्याबरोबर टाकायचं नाही. त्यात तेल भरपूर, ते झटक्यात करपतं. सुक्या खोबऱ्याचे पातळ काप करा, कीस नको, कीस उडतो. 150 अंश, 4 मिनिटं. तिसऱ्या मिनिटाला उघडून बघा. लसूण सालीसकट टाकला तर 160 वर 8 मिनिटांत मऊ होतो आणि साल सहज निघते. तीळ, खसखस, जिरं मात्र कढईतच भाजा. बास्केटच्या भोकांतून ते खाली पडतात.

वर्षाची चटणी मात्र यात करायचा विचार करू नका. किलो-किलो मिरच्या, धणे, खोबरं, कांदा भाजून डंकावर कांडून आणायचं ते काम मोठ्या कढईचंच आहे. इथे पाच माणसांच्या एका वेळच्या वाटणाचं काम होतं.

चिकन, आणि मग मटण

कांदा-लसूण चटणी लावलेलं चिकन 200 अंशांवर लावलं की वरून काळं आणि हाडाजवळ कच्चं निघतं. कारण आपल्या चटणीतली मिरची, खोबरं, कांदा आधीच भाजलेले असतात आणि पूड बारीक असते. तिला थेट वारा लागला की मिनिटांत जळते. उपाय दोन: चटणी दह्यात किंवा तेलात कालवून लावायची, कोरडी भुरभुरायची नाही, आणि 180 च्या वर जायचं नाही.

चिकनच्या तंगड्यांना हाडापर्यंत तीन-तीन चिरा द्या. घट्ट दही, आलं-लसूण, हळद, चटणी, मीठ, चमचाभर तेल लावून दोन तास फ्रिजमध्ये ठेवा. शिजवताना जादाचं दही निथळू द्या. 180 अंश, 22 मिनिटं, अकराव्या मिनिटाला उलटा. हाडाजवळ सुरी खुपसून येणारा रस स्वच्छ हवा, लालसर नको. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर आत 74 अंश दाखवायला हवेत.

मटणाचं गणित वेगळं. बोकडाचं मांस कोरड्या वाऱ्यात मऊ होत नाही, चिवट होतं. म्हणून आधी नेहमीसारखं हळद, मीठ, आलं-लसूण लावून कुकरमध्ये शिजवा. आपल्याकडे ते फायद्याचंच आहे, कारण जे अळणी पाणी सुटतं त्यावर तर तांबडा आणि पांढरा रस्सा उभा राहतो. मुलांना वाटीभर अळणी द्यायचं ते आधी काढून ठेवा. शिजलेले तुकडे निथळवा, वर दिलेलं वाटण, चटणी आणि 2 चमचे तेल चोळा, आणि 180 अंशांवर 8 मिनिटं लावा, मधे एकदा हलवा. वाटण तुकड्याला घट्ट बसतं, कडा खरपूस होतात. शेजारच्या शेगडीवर रस्से उकळत असतात. सुकं, तांबडा, पांढरा एकाच वेळी ताटात गरम येतं, पूर्वी माझं सुकं नेहमी मागे राहायचं.

वांगंही यात झकास भाजतं. कृष्णाकाठचं मोठं वांगं, सुरीने टोचे मारून, तेलाचा हात लावून 190 अंशांवर 25 मिनिटं. टोचे विसरलात तर ते आत फुटतं. विस्तवाचा वास हवा असेल तर शेवटी दोन मिनिटं गॅसच्या जाळावर धरा, साल चटचटली की पुरे.

यात करू नयेत असे पदार्थ

भजी आणि वडे नाहीत. पातळ पीठ बास्केटच्या भोकांतून गळतं आणि पंखा त्याचे शिंतोडे उडवतो. कुरडया आणि साबुदाण्याचे पापड तेलातच फुलतात. चुरमुरे हलके, ते उडून कॉइलला लागतात, भडंगासाठी कढई घ्या. भाकरी तव्यावर आणि जाळावरच फुगते. शिळी भाकरी मात्र पाण्याचा हबका मारून 160 वर 2 मिनिटं गरम करता येते, त्याहून जास्त ठेवली तर कडक होते. मिसळीबरोबरच्या ब्रेडच्या स्लाइसलाही एवढाच वेळ पुरतो.

खर्ड्याच्या मिरच्या मी एकदा भाजल्या. भाजतात चांगल्या, पण बास्केट ओढलं की सगळा ठसका तोंडावर येतो. शिवाय खर्डा तव्यावरच तांब्याच्या बुडाने रगडला तर त्याची चव. तो तव्यालाच राहू दे.

बटर पेपर वापरणार असाल तर त्यावर पदार्थाचं वजन हवं. मी यंत्र आधी तापवताना नुसता कागद ठेवला होता. वाऱ्याने तो उचलला, कॉइलला लागला आणि कडेने जळाला. प्लग काढला, बास्केट उघडलं नाही, धूर आपोआप विझला. तुमच्याकडे असं झालं तर हाच क्रम ठेवा. पाणी ओतू नका.

घासणं

वापरून झाल्यावर बास्केटमध्ये गरम पाणी आणि दोन थेंब साबण घालून दहा मिनिटं ठेवा, मग मऊ स्पंजने पुसा. तारेची घासणी, राख, स्पंजची खरबरीत बाजू नको. भांडी घासायला येणाऱ्या मावशींना हे सांगून ठेवा, किंवा हे एक भांडं स्वतः धुवा. लेप निघालेलं बास्केट बदलावंच लागतं. पंधरा दिवसांतून एकदा प्लग काढून, यंत्र गार झाल्यावर, उलटं करून कॉइल मऊ ब्रशने झाडा.

विजेचं म्हणाल तर 1500 वॅटचं यंत्र 20 मिनिटं सलग चाललं तर अर्धा युनिट होतो. तापमान गाठल्यावर कॉइल मधेमधे बंद होते, म्हणून प्रत्यक्षात कमीच. पण महावितरणचा दर 100 युनिटांनंतर वाढतो, तुमचं बिल त्या रेषेच्या आसपास असेल तर महिनाभर मीटरकडे लक्ष ठेवा.

घरातल्या मोठ्यांसाठी

यंत्रावरची अक्षरं बारीक आणि इंग्रजीत असतात. आत्तींना ती दिसत नव्हती, आणि प्रत्येक वेळी मला हाक मारणं त्यांना आवडत नव्हतं. आमच्या यंत्राला गोल फिरवायची बटणं आहेत. मी त्यांच्याच पाकिटातल्या टिकल्या घेतल्या आणि खुणा केल्या: 150 वर पिवळी, 160 वर हिरवी, 180 वर लाल. वेळेच्या बटणावर 4, 12 आणि 20 ला एकेक. वाफेने टिकली सुटते, म्हणून वरून पारदर्शक नेलपॉलिशचा हात दिला. टच पॅनेलचं यंत्र असेल तर त्यातला एकच ठरावीक कार्यक्रम शिकवा आणि त्याच बटणाशेजारी खूण करा.

हिरवी म्हणजे शेंगदाणे, लाल म्हणजे अळूवड्या, पिवळी म्हणजे खोबरं आणि जवळून हलायचं नाही. आता दर गुरुवारी मी कामावरून यायच्या आत कुटाचा डबा भरलेला असतो. मागच्या आठवड्यात वहीत आत्तींच्या अक्षरात एक ओळ होती: "दाणे दीड पाव, हिरवी, 14 मिनिटं. ओले होते."